शिसवी पलंगाची पायरी
जवसाच्या तेलाचा वास आला की कमरीपेठेतल्या घरातला शिसवी पलंग डोळ्यांपुढं येतो. कारवारला गलबतं असलेल्या खापरपणजोबांच्या शेजघरातला तो, पितळी कठड्याचा, चढायला लाकडी पायरी असलेला. माझी विधवा आत्या, आमची अक्का, दर दिवाळीला त्याला तेल चोळायची आणि निजायची मात्र खाली, घोंगडीवर. पंच्याहत्तर-शहात्तर साल असेल, तेल चोळून झाल्यावर तिनं हात पुसले, पायरीवर पाय ठेवला आणि वर जाऊन सरळ आडवी झाली. माझे वडील, अप्पा, दारातच थबकले. "अक्का, उतर खाली. लोक काय म्हणतील?" "लोकांना इकडंच बोलीव की, पडूनच ऐकते," अक्का म्हणाली आणि कुशीवर वळली. आता तो पलंग माझ्याकडं आहे. परवा यांचं तेरावं झालं आणि जावेनं माझं अंथरूण जमिनीवर घातलं. मी उशी तेवढी उचलली आणि पायरीवर पाय ठेवला.