पाच किलोंचं पत्रक आणि तेलकट तळवे

आमच्या जिमच्या दारावर भलामोठा फलक: तीन महिन्यांत नवं शरीर! खाली पावडरच्या डब्यांची रास. माझं डोकंच फिरलं. तमिळमध्ये पत्रक छापलं, जुन्या बसस्टँडवर वाटलं: ‘फसू नका! उकडलेल्या हरभऱ्यांचं सुंडल, अंडी, नाचणी खाऊन तीन महिन्यांत पाच किलो स्नायू कमावून दाखवतो. या, सगळ्यांदेखत मोजा!’

तीन महिन्यांनी मोजायचा दिवस आला, तो नेमका शनिवार. शनिवारी घरातल्या पुरुषांनी अंगभर तिळाचं तेल चोपडून न्हायचं, यातून अम्मा कुणाला सोडत नाही. न्हालो, पायांत चपला सरकवल्या आणि पळालो.

जिममध्ये एक यंत्र आहे; तळव्यांतून बारीकशी वीज सोडून ते चरबी किती, स्नायू किती ते सांगतं. अनवाणी उभा राहिलो. चरबी वाढलेली! स्नायू सुरुवातीपेक्षाही कमी!

“काय तंबी,” ट्रेनर धाकट्या भावाला हाक मारावी तसं म्हणाला, “दुसरं पत्रक कधी?” सगळी जिम खिदळली.

“अण्णा, तुमचं यंत्र चोर आहे!”

घरी येऊन अम्मासमोर तेच बडबडलो.

“चोर असेल नाहीतर साव,” अम्मा म्हणाली. “आधी पाय धू. लादी बघ केवढी बरबटलीस! तळव्यांना शिकेकाई लावायची कधी आठवण राहते का तुला?”

लादीवर माझेच तेलकट ठसे. तेलातून वीज जाणार कशी! मी अम्माला उचललंच. “सोड रे, मेल्या!”

तीन महिन्यांपूर्वीचं पहिलं माप सकाळी, उपाशीपोटी घेतलं होतं. दुसऱ्या दिवशी तसाच गेलो, तळवे साबणाने खसाखसा घासून. वजनकाटा जेमतेम हललेला. पण चरबी उतरलेली आणि स्नायू दीड किलो जास्त!

“पाच कुठायत?” ट्रेनरने विचारलं.

“नाहीत. दीड आहेत. पावडरशिवाय!”

तो जवळ आला, आवाज खाली आणला. “तंबी, पावडर खाऊनसुद्धा एवढंच होतं.”

“मग फलकावर तसं लिहा की!”

“लिहिलं तर कोण येईल?”

कोण येईल? बघूच! माझे पाच किलो म्हणजे त्याच्याच फलकाची नक्कल होती, हेही तिथेच कळलं. संध्याकाळी नवं पत्रक घेऊन बसस्टँडवर उभा होतो: ‘तीन महिन्यांत दीड किलो. पुढच्या तीन महिन्यांत एक झाला तरी पुष्कळ. पाय धुऊन या आणि मोजा!’

पहिली प्रत ट्रेनरच्या हातात दिली.