निळ्यांचा वैरी

शहरातल्या निम्म्या लोकांनी त्याला कधी जवळून पाहिलंही नव्हतं, पण म्हणून त्याचा द्वेष करताना कुणाचं काही अडलं नाही. तो फुटबॉलचा रेफ्री होता. मैदानात खेळाडूंपुढे बोट नाचवून दम भरायची सवय, म्हणून लोकांनी त्याचं नाव ठेवलं हेडमास्तर.

त्याआधी तो बस डेपोत तिकीट तपासनीस होता. आपण बसमध्ये पाऊल टाकलं की चाळीस माणसांची तोंडं कडू होतात, हे त्याला तिथंच अंगवळणी पडलं. बायको म्हणायची, "लोकांनी शिव्या घातल्याशिवाय तुम्हाला जेवण पचत नाही." खोटं नव्हतं ते. सुट्टीच्या दिवशी तो कारखान्यांच्या सामन्यांत शिट्टी फुंकायचा. तिथून चढत चढत पस्तिशीत पहिल्या दर्जाच्या लीगमध्ये पोचला आणि डेपोला रामराम ठोकून पूर्णवेळ रेफ्री झाला.

नियम त्याला तोंडपाठ होते, धावायचाही विशीतल्या पोरासारखा. पण माघार घेणं रक्तातच नव्हतं. लाइन्समनने झेंडा वर केला तर हा लांबूनच हात झटकून त्याला खाली घ्यायला लावायचा. एखादा कर्णधार विचारायला आला तर त्याचं वाक्य पुरं व्हायच्या आत पिवळं कार्ड बाहेर. वर्तमानपत्रवाले त्याच्या सामन्याला दोन बातमीदार पाठवायचे, एक खेळासाठी आणि एक भांडणासाठी.

मग ती मोसमातली शेवटची लढत आली. शहराचा संघ म्हणजे निळे. त्यांना नुसती बरोबरी साधली तरी अजिंक्यपद मिळणार होतं. खेळ संपायला मिनिटभर उरलं असताना समोरचा एक खेळाडू चेंडू घेऊन निळ्यांच्या गोलकीपरला वळसा घालून गेला आणि तोंडावर पडला. हेडमास्तरने शिट्टी वाजवली. पेनल्टी! गोलकीपरने धावत येऊन त्याची कॉलर धरली, त्याला लाल कार्ड मिळालं, पुढच्याच क्षणी गोल झाला आणि अजिंक्यपद हातातोंडाशी येऊन निसटलं.

ते दृश्य टीव्हीवर हजारदा दाखवलं गेलं. पण कॅमेरा गोलकीपरच्या पाठीमागे होता. त्याचा हात त्या खेळाडूच्या पायाला लागला की नाही, ते त्याच्याच अंगाआड झाकलं होतं. शहराने मात्र पाहायचं ते पाहिलं.

दुसऱ्या दिवशी हेडमास्तरच्या खिडकीची काच फुटली. आठवड्याभरात आणखी दोन. न्हाव्याने अर्धी दाढी करून वस्तरा खाली ठेवला. "बाकीची ज्यांना जिंकवलंत त्यांच्याकडून करून घ्या," म्हणाला. हेडमास्तर तशाच अर्ध्या दाढीने, गालावर फेस घेऊन, भर बाजारातून घरी चालत आला. टॉवेल मात्र न्हाव्याचाच खांद्यावर राहिला. तो त्याने परत केला नाही. मुलगी कॉलेजच्या अर्जावर वडिलांचा व्यवसाय 'बस डेपो' लिहायला लागली. बायकोचा भाऊ निळ्यांचा कट्टर भक्त. त्याने बहिणीच्या घरी पाऊल टाकणं सोडलं.

"एकदा म्हणून टाका ना, चुकलं असेल म्हणून," बायको म्हणाली. "तेवढ्याने तुमचं काय झिजणार आहे?"

"चुकलोच नाही तर म्हणू कशाला? घोट्याला बोटं लागलेली मी पाहिली. सहा पावलांवर होतो मी."

"मग मरा त्या सहा पावलांवर," ती म्हणाली आणि भाजी घ्यायला दोन स्टॉप लांबच्या बाजारात गेली. जवळच्या बाजारात तिच्याशी कुणी नीट बोलत नव्हतं.

तीन वर्षांनी नशिबाने त्याची गंमत केली. पुन्हा शेवटचा सामना, पुन्हा निळे. या वेळी निळ्यांनी गर्दीतून एक गोल घुसवला. समोरचे अकराच्या अकरा जण हात वर करून ओरडत होते, पण याने गोल दिला. निळे अजिंक्य झाले. "शेवटी माणूस सुधारला!" शहर म्हणालं. न्हाव्याने दुकानातून हाक मारली. मेव्हणा जेवायला आला, दोनदा वाढून घेतलं आणि त्याच्या पाठीवर थाप मारून गेला.

सामन्याच्या दुसऱ्याच सकाळी त्याने घरात एकट्याने तो पुन्हा पाहिला होता. चेंडू निळ्यांच्या खेळाडूच्या मनगटाला लागून आत गेला होता. स्वच्छ दिसत होतं. त्याने टीव्ही बंद केला आणि तोंडाला कुलूप घातलं. शिव्या खाताना ताठ चालणारा हा माणूस आता कौतुक ऐकलं की चपला घालून बाहेर पडायचा.

वयाच्या नियमाने निवृत्त झाल्यावर घरात त्याचा जीव रमेना. त्या पेनल्टीला नऊ वर्षं झाली होती. एके दुपारी तो उठला आणि सरळ त्या गोलकीपरच्या दुकानात गेला. गोलकीपरने खेळ सोडून खेळाच्या सामानाचं दुकान थाटलं होतं. गल्ल्याच्या मागे भिंतभर फोटो होता: गोलकीपर हात पसरून उभा, आणि पेनल्टीच्या खुणेकडे बोट दाखवणारा हेडमास्तर. खाली लिहिलं होतं, 'याला लुटलं!'

"काय पाहिजे, साहेब? शिट्टी?" गोलकीपरने विचारलं.

"खरं पाहिजे. तुझी बोटं लागली होती की नाही?"

दुकानात दुसरं कुणी नव्हतं. तरी गोलकीपरने दाराकडे पाहून घेतलं.

"लागली होती," तो म्हणाला. "करंगळीचं नख उलटलं होतं माझं. महिनाभर दुखत होतं."

हेडमास्तरने गल्ल्यावर हात आपटला. "मग नऊ वर्षं बोलला का नाहीस? माझ्या घरावर दगड पडत होते!"

"बोलून काय करू? लोक माझ्याकडे बूट घ्यायला येत नाहीत, त्या फोटोसाठी येतात. पोरांना दाखवतात, बघ, याच काकांना लुटलं. उद्या हेच लोक माझ्या तोंडात शेण घालतील."

"दोन ओळी लिहून दे."

"निघा इथून. बाहेर जाऊन सांगितलंत तर मी म्हणेन, म्हातारा बरळतोय. लोक कुणाचं ऐकतील ते तुम्हीच सांगा."

हेडमास्तर घरी आला. बायकोला सगळं सांगितलं. ती पोळ्या लाटत होती. लाटणं न थांबवता म्हणाली, "मला कधीच शंका नव्हती."

"मग तेव्हा माफी मागा का म्हणत होतीस?"

"कारण काचा मी गोळा करत होते, तुम्ही नाही."

तो कागद घेऊन बसला आणि वर्तमानपत्राला पत्र लिहिलं. पेनल्टीबद्दल त्यात अक्षर नव्हतं. निळ्यांना अजिंक्य करणारा गोल हाताने झाला होता, मी दुसऱ्याच सकाळी पाहिलं आणि गप्प बसलो, एवढंच लिहिलं.

आता दोन्हीकडून आग लागली. त्या गोलमुळे ज्यांचं अजिंक्यपद गेलं होतं ते म्हणाले, इतकी वर्षं कुठं झोपला होतास? निळे म्हणाले, मेल्याचं वैर अजून संपत नाही. फुटबॉल संघटनेने नव्या रेफ्रींच्या परीक्षक मंडळावरून त्याचं नाव काढलं. मेव्हणा फोनवर किंचाळला, "भाऊजी, हे विकतचं दुखणं कुणी सांगितलं होतं? तुम्हाला पाणीसुद्धा विचारणार नाही मी!" आणि शब्दाला जागला. बहिणीकडे आजतागायत आलेला नाही.

गोलकीपरचा फोटो अजून भिंतीवर आहे. दुकान बरं चालतं.

हेडमास्तर हल्ली दर शनिवारी पोस्टमन विरुद्ध अग्निशामक दलवाले असल्या सामन्यांत शिट्टी फुंकायला जातो. गेल्या खेपेला एका पोट सुटलेल्या पोस्टमनने त्याला आंधळा म्हटलं. याने पिवळं कार्ड काढलं. पोस्टमन आणखी काही बोलला, तेव्हा लाल. मैदानाबाहेर बसलेल्या बायका ओरडायला लागल्या, कुणीतरी संत्र्याचं साल फेकलं. त्याने ते बुटाने रेषेबाहेर सरकवलं, घड्याळ पाहिलं आणि खेळ सुरू करायची खूण केली.