राखेतून लवकर काढलेला मणी

मी मणी राखेतून वेळेआधी काढला. सकाळपर्यंत थांबायचं होतं. मी संध्याकाळीच काढला.

माझ्या चुकांची यादी लांब आहे आणि ती सांगून मी आजवर पुष्कळ लोकांना हसवलं आहे. साळावच्या तरीच्या होडीतून उतरताना किनारा आला असं समजून मी एकदा कमरेएवढ्या पाण्यात पाय टाकला होता, तोही लग्नाच्या धोतरात. वऱ्हाडी मंडळी अजून सांगतात. ही मण्याची चूक मात्र त्या यादीत मी कधी घातली नाही. आता घालतो. लिहिण्याची ढब तीच येईल, सवयीची. तिला माझा इलाज नाही.

रेवदंड्याला आमची नारळी-पोफळीची लहानशी वाडी होती. पाऊस सरला की झाडांची आळी खणायची, आणि आळी खणली की मातीतून मणी निघायचे. मोहरीएवढे, तुरीएवढे, विटकरी, पिवळट, एखादा गडद निळा. कोणी म्हणे फिरंग्यांचे, कोणी म्हणे त्याच्याही आधीचे. वाडीतला गडी खणता खणता फावडं टेकून हाक मारायचा, "दादा, यो बगा, मनी गावला!" आणि मी हातातलं काम टाकून धावायचो. गडी हसायचा. त्याच्या लेखी नारळ सोडून मण्यामागे धावणारा मालक म्हणजे अर्धा खुळाच.

तपकिरीच्या डबीत मी ते साठवले होते. त्यांत मला काय दिसायचं, ते मला नीट सांगता येणार नाही. सोनं आटवलं की आधीचा दागिना नाहीसा होतो. मण्याचं तसं नाही. तो कुणाच्या तरी गळ्यातून तुटतो, मातीत जातो, गळा जातो, गाव जातं, आणि वर आला की तो तोच असतो. थुंकी लावून धोतराला पुसला की रंग कालचा. भोकाला डोळा लावून पलीकडे पाहावंसं वाटतं. पलीकडे वाडीच असते, पण पाहावंसं वाटतं.

कोटाच्या भिंतीलगत एक म्हातारा मणेरी राहायचा. उत्तरेकडून कधीकाळी आलेला, सगळा गाव त्याला चाचा म्हणायचा. बाजारच्या दिवशी बांगड्या विकायचा आणि बाकीचे दिवस घरामागच्या पडवीत काचेचे मणी करायचा. करवंटीच्या कोळशाची हातभर भट्टी, पायाने चालणारा भाता, चिखलाचा हात दिलेली लोखंडी सळई. फुटक्या बांगड्यांची काच त्या आचेत धरली की ती गुळाच्या पाकासारखी ओघळू लागते. ती सळईवर घ्यायची आणि सळई बोटांत फिरवत राहायची. थांबलात की मणी एका अंगाला लोंबतो. घाई केलीत की वाकडा होतो. एवढंच ते काम. मी तिथे नुसता बघायला गेलो आणि महिनाभर रोज जात राहिलो. मग चाचाने कंटाळून माझ्या हातात सळई दिली.

पहिला मणी झाला तेव्हा त्याने तो उजेडात धरून पाहिला.

"भाऊसाब, ये मणी हाय का बकरीची लेंडी?"

"पहिलाच आहे, चाचा."

"बकरीची पण पयली बार असती. ती तरी गोल टाकते."

हे मी घरी येऊन सांगितलं तेव्हा बायको इतकी हसली की तिला उचकी लागली. ती तेव्हा पोटुशी होती. आधीचं एक मूल तीन महिन्यांचं होऊन गेलं होतं आणि त्यानंतर ती हसलेली मी पाहिली नव्हती. त्या उचकीपायीच असेल, मी छाती फुगवून म्हणालो, "ह्या खेपेचा दृष्टमणी मी स्वतः करणार. विकतचा नाही."

दृष्टमणी म्हणजे काळ्या काचेचा मणी, वर पांढरे ठिपके. आमच्यात बारशाला, बाराव्या दिवशी, आत्या तो काळ्या दोऱ्यात ओवून मुलाच्या मनगटाला बांधते. मुलाला नजर लागली तर ती मण्यावर जाते आणि मणी तडकतो. तडकला की समजायचं, मुलावरचं गेलं. तडकलेला मणी खाडीत टाकायचा आणि सूर्य मावळायच्या आत दुसरा बांधायचा. ह्यात माझा विश्वास होता का? नव्हताही आणि होताही. एक मूल गेलेल्या घरात हा प्रश्न कोणी विचारत नाही.

मुलगी झाली. अकराव्या दिवशी दुपारी मी चाचाकडे मणी केला. खरं सांगतो, देखणा झाला. काळा कुळकुळीत, सात ठिपके, सातही गोल. चाचानेही तोंड वाकडं केलं नाही. सळईसकट त्याने तो गरम राखेच्या मडक्यात खुपसला आणि म्हणाला, "आता ह्याला विसर. राख थंडी होईल तसा तो थंडा होईल. सवेरे काढू. आधी काढला तर वरून चांगला दिसेल, पण आतून घाबरलेला राहील. कधी फुटेल, सांगता येत नाही."

दिवस कलल्यावर चाचा अस्राच्या नमाजाला गेला. मला थांबवेना. ओटीवर चार माणसं आली असतील, त्यांना आजच दाखवायचा होता. मी मडक्यातून सळई उपसली, मणी अजून चटका देत होता, धोतराच्या सोग्यात गुंडाळून घरी आणला आणि ओटीवर बसलेल्यांना दाखवला. वाहवा झाली. बारशाला आक्काने तो बांधला. आक्का माझी थोरली बहीण, विधवा, आमच्याकडेच असायची. बांधताना म्हणाली, "बापानं केलेला मणी गो माझ्या सोन्याला. आळीत कोणाच्या नशिबी नाही!" आळीत हे मीच सगळ्यांना आधी सांगून आलो होतो.

मुलगी महिन्याची व्हायला चार दिवस होते तेव्हा ती सकाळी तापली. दूध ओढेना. बायको म्हणाली, "अहो, अलिबागेहून डॉक्टरला आणता का?"

"आणतो," म्हणालो. खुंटीवरची टोपी घातली.

आक्का शेगडी घेऊन तिला शेकत होती. फडका गरम करायचा, पोटाला लावायचा, हाताला लावायचा. मी उंबऱ्यात होतो. टिक् असा आवाज झाला. बारीक, सुपारी अडकित्त्यात धरल्यासारखा. मणी उभा चिरला होता.

आक्काने फडका टाकून टाळी वाजवली. "घेतली गो, घेतली! मण्यानं घेतली! सुटली माझी बाय!"

बायकोने माझ्याकडे पाहिलं. तिच्या चेहऱ्यावरचं सगळं सैल झालं होतं. "मग आता नको ना जायला?"

मला एकच वाक्य बोलायचं होतं. मणी नजरेने नाही फुटला, मी तो राखेतून लवकर काढला आणि शेगडीची धग लागली म्हणून फुटला. पंधरा शब्द. मी टोपी काढून खुंटीला लावली.

नुसता गप्प राहिलो असतो तरी एक वेळ. पण आक्काने आळीत सांगितलं आणि माणसं यायला लागली, तसा मी ओटीवर बसून ती गोष्ट सांगू लागलो. आवाज कसा झाला, मी कसा उंबऱ्यात होतो, आक्काच्या हातातला फडका कसा पडला. दुसऱ्या खेपेला मी त्यात मांजर घातलं, आवाजाने दचकून पळालेलं. तिसऱ्या खेपेला मण्यातून धूर आला. लोक हात जोडत होते. आतून मुलीचं कण्हणं ऐकू येत होतं आणि ताप उतरताना मुलं अशीच कण्हतात असं कोणीतरी म्हणालं.

सूर्य मावळायच्या आत दुसरा मणी बांधायचा होता. मी चाचाकडे गेलो नाही. तो पहिला मणी मागेल आणि चीर पाहून ओळखेल, म्हणून. "उद्या आणतो," असं आक्काला सांगितलं. तिसऱ्या दिवशी टांगा करून डॉक्टरला आणला. तो भला माणूस होता. मुलीचं पोट पाहिलं, हात धुतले, एवढंच म्हणाला, "दोन दिवस आधी यायला हवं होतं." दोन दिवस आधी येऊन त्याने काय केलं असतं, ते मला कळत नाही. त्या काळात औषधं तरी काय होती. टांगा वळून वेशीबाहेर गेला नसेल, तोवर संपलं होतं.

त्यापुढचं मला फारसं आठवत नाही. रडलो असं आठवत नाही. पायाला मुंग्या आल्या की पाय आपला वाटत नाही, तसं सगळ्या अंगाचं झालं होतं. जेवण व्हायचं, वाडीत शिंपणं व्हायचं, रहाट फिरायचा. दुपारी पाय आपोआप कोटाकडे वळायचे. चाचा बसायला गोणपाट सरकवायचा. मी भट्टीपुढे बसायचो आणि सळई फिरवायचो. काळी काच, पांढरे ठिपके. झाला की राखेत. सकाळी काढायचा. त्या हिवाळ्यात माझा एकही मणी तडकला नाही. मी त्यांच्याकडे बघतही नव्हतो फारसा. बोटं फिरवत होती एवढंच.

एक दिवस मी कमरेच्या पुरचुंडीतून तो चिरलेला मणी काढून चाचापुढे ठेवला. खाडीत टाकला असं घरी सांगितलं होतं. तेही खोटंच.

चाचाने चीर नखाने चाचपली. "कधी काढला होतास?"

"तू नमाजाला गेलास तेव्हा."

तो पुन्हा भाता मारू लागला. मग म्हणाला, "काच हाय, भाऊसाब. नजर-बिजर काय ओढत नाय. लोक मागतात, मी बनवतो. घरवालीला सांगितलंस?"

"नाही."

"ती काय म्हणते?"

ती काय म्हणत होती ते मला ठाऊक होतं, तेच तर होतं. ती म्हणत होती, दोष माझा. सूर्य मावळायच्या आत दुसरा मणी बांधायचा हे मला ठाऊक होतं, वन्संनी सांगितलं होतं, आणि मी पोरीचं अंग गार लागतंय असं वाटून झोपून गेले. उघड्या मनगटाची ठेवली मी तिला. हे ती आक्काला सांगायची, शेजारणीला सांगायची, भांडी घासताना भांड्यांना सांगायची. ताटात वाढलेलं तसंच उठायचं. आक्का तिला म्हणायची, "होतं गो असं." नाही म्हणायची नाही.

मी घरी गेलो. ती मागीलदारी सुपाऱ्या सोलत बसली होती. मी पायरीवर बसलो आणि सांगितलं. मांजर न घालता, धूर न घालता. चाचाने सकाळपर्यंत थांब म्हटलं होतं. मी ओटीवर मिरवायला आणला. शेगडीने फुटला. नजर नव्हती. दुसरा बांधला असता तरी काही झालं नसतं. मला त्या सकाळीच ठाऊक होतं आणि मी टोपी काढून ठेवली.

तिने हातातली सुपारी सोलून पुरी केली. टोपलीत टाकली. दुसरी घेतली. ती रडेल, ओरडेल, विळी फेकेल, असं मला वाटलं होतं. फेकली असती तर बरं वाटलं असतं. कुंपणापलीकडे कोणीतरी नारळ पाडत होतं, त्यांचे धप्प धप्प आवाज येत होते. पाच-सहा सुपाऱ्या झाल्या.

मग ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "आळीभर तोंड वाजवत बसलात. घरात एक वाक्य बोलायचं होतं, तेवढं गिळलंत."