प्रधानबाईंची बादली

घरात समुद्र ठेवला की किस्से जमवावे लागत नाहीत, ते फरशीवरून आपणहून वाहत येतात. आमच्याकडे इतके झालेत की कुठला आधी घडला याची मला खात्री नाही. तशी मला कशाचीच नसते.

शिवाजी पार्कजवळ दुसऱ्या मजल्यावर माझी सहा फुटी काचेची टाकी आहे. तीत खारं पाणी, प्रवाळ आणि नारिंगी माशांची एक जोडी. खाली कपाटात दुसरी, छोटी टाकी. वरचं पाणी तिच्यात उतरतं, गाळलं जातं आणि पंप ते परत वर चढवतो. मी इंजिनिअरिंग कॉलेजात तीस वर्षं पाण्याचा प्रवाह शिकवला, म्हणून पाइप मीच बसवले.

एकदा फ्यूज उडाला, पंप थांबला आणि ज्या पाइपातून पाणी वर चढायचं त्याच पाइपातून ते उलटं खाली येऊ लागलं. आधी छोटी टाकी भरली, मग हॉल, आणि मग खालच्या मजल्यावरच्या प्रधानबाईंच्या छतातून थेंब पडू लागले. याला सायफन म्हणतात. मी तो दरवर्षी फळ्यावर काढत असे.

सोसायटीचे सेक्रेटरी सांगून गेले, "सर, आणखी एकदा पाणी खाली गेलं, तर टाकी बिल्डिंगच्या बाहेर."

निवृत्तीनंतर मी सुरू केलेली आणि अजून जिवंत असलेली ही एकच गोष्ट.

*

मग लालबागचे गावकर आले. गिरणीत वाफेच्या पाइपांवर फिटर होते. संपानंतर गिरणी उघडलीच नाही, तेव्हापासून घरोघरी प्लंबिंग करतात. मी त्यांच्या हातात अकरा पानांचं गणित दिलं. त्यांनी चष्मा लावून सगळं बघितलं.

"सर, पंप थांबला की किती पाणी खाली येणार, ह्यात लिवलंय?"

"पान सातवर."

"मग पान सात खालच्या टाकीला दाखवलं नाय वाटतं."

*

उपाय त्यांनी तिथल्या तिथे सांगितला. वरच्या टाकीत बुडलेल्या पाइपाच्या तोंडाजवळ, पाण्याच्या पातळीच्या जरा खाली बारीक भोक पाडायचं. पंप थांबून पाणी थोडं उतरलं की भोक उघडं पडतं, हवा आत शिरते आणि उलटा प्रवाह तुटतो.

जागा अडचणीची होती. माझा मित्र नाडकर्णी दातांचा डॉक्टर, तो आपलं छोटं ड्रिल घेऊन आला. कपाळावर दिवा लावून पाइपावर वाकला आणि सवयीनं म्हणाला, "दुखलं तर हात वर करा."

गावकरांनी गंभीरपणे विचारलं, "डॉक्टर, पायपाक भूल दिलात ना?"

*

महिन्याभरानं साफसफाईसाठी पंप बंद केला, तर पाणी उतरतच राहिलं. माझ्या बायकोनं, सरलानं, धावत जाऊन पंप सुरू केला म्हणून खाली काही गेलं नाही. शेवाळ खायला टाकीत सोडलेल्यांपैकी एक गोगलगाय भोकात बसली होती.

गावकर म्हणाले, "सर, तुमच्या गणितात गोगलगाय खंय धरलीत?"

मी खरंच अकरा पानं चाळली.

त्यांनी शेजारी दुसरं भोक पाडलं. मी विचारलं, "आणि एकाच वेळी दोन गोगलगायी आल्या तर?"

"सर," ते हळूच म्हणाले, "एवढा विचार गोगलगाय करीत नाय."

*

तरी माझी धाकधूक जाईना. तेव्हा गावकर म्हणाले, "आमच्या मिलमध्ये नवी लाइन पहिल्यांदा सुरू झाली, की फिटरनं तिच्याखाली उभं राहायचं. ही लाइन बसवली कोणी? तुम्ही. चला, खाली जाऊन बसा."

दुपारी चार वाजता मी प्रधानबाईंच्या हॉलमध्ये, छतावर गळतीनं पडलेल्या पिवळ्या डागाखाली खुर्ची टाकून बसलो. बाई एकट्याच राहतात. सोसायटीकडे दोन लेखी तक्रारी त्यांच्याच होत्या. त्यांनी माझ्या पायाशी बादली ठेवली आणि चहा टाकला. वर गावकरांनी मेन स्विच पाडला.

आम्ही दोघं छताकडे बघत चहा प्यायलो. मग त्यांनी चकल्या काढल्या. अर्धा तास झाला, थेंब नाही.

मी बादली उचलायला वाकलो.

"असू दे तिथेच," बाई म्हणाल्या. "एका दिवसानं काय कळतंय? उद्या चारला परत बघू. आणि येताना सरलालाही आणा."

टेस्ट अजून चालू आहे. मागच्या आठवड्यात प्रधानबाईंनी त्या बादलीत मनी प्लांट लावला.