ग्युसॉपचे कान

नाम ग्युसॉप दिवसा जहाजांचा गंज काढायचा आणि सुट्टीच्या दिवशी गाण्यांच्या रेकॉर्ड बनवायचा. बुसानच्या यंगदो बेटावर गोदीला लागलेल्या जुन्या बोटी पाण्याबाहेर ओढून ठेवलेल्या असत, आणि तो ग्राइंडर घेऊन त्यांच्या पोटाखाली उभा राही. त्याच्या आईनेही हेच काम केलं होतं, पण तिच्या काळी ग्राइंडर नव्हते. बायका दोराला टांगलेल्या फळीवर बसून हातोडीने गंज ठोकून काढायच्या. तीस वर्षं ठोकून ठोकून आईचे कान गेले. ती आता घरात ओरडूनच बोले, टीव्ही आवाज बंद करून बघे, आणि समोरच्याच्या ओठांवरून त्याचं बोलणं ओळखे.

रेकॉर्ड कंपनी तिघांची होती. ग्युसॉप, चोई हेरान आणि बे दोंगचोल, तिघंही एकाच शाळेतले. सव्विसाव्या वर्षी त्यांनी दोर आणि नांगर विकणाऱ्या एका दुकानावरची खोली घेतली, भिंतींना जुन्या गाद्या ठोकल्या आणि एक टेप मशीन आणून ठेवलं. नाव हेरानने सुचवलं, नोक. नोक म्हणजे गंज, आणि रेकॉर्डिंगला म्हणतात नोगम, त्याचीही सुरुवात त्याच नोकने. "अर्धं काम तर नावातच झालं," ती म्हणाली. "शिवाय या बेटावर गंजाशिवाय आहे काय दुसरं?"

हेरानचा छपाईचा छोटा धंदा होता. वेष्टणं ती छापायची, आतली पुस्तिका हाताने शिवायची, लोकांच्या पत्रांना उत्तरं लिहायची. दोंगचोल माशाच्या वड्यांच्या कारखान्याची गाडी चालवायचा. तो गाणी लिहायचा, गायचा, आणि खोकी त्याच गाडीतून गावोगाव पोचवायचा. देगूच्या एका गिऱ्हाइकाने तक्रार केली की रेकॉर्डला मासळीचा वास येतो, तेव्हा दोंगचोलने स्वतः फोन करून सांगितलं, "साहेब, वासाचे वेगळे पैसे लावलेले नाहीत."

आणि कान ग्युसॉपचे. खोलीत त्याच्या कानांना शेवटचा शब्द होता. एकदा एका पोरींच्या बँडचं रेकॉर्डिंग त्याने मध्येच थांबवलं आणि तडक खाली दुकानात जाऊन म्हातारबुवांना म्हणाला, तुमचा फ्रिज अर्धा तास बंद ठेवा. वर कुणालाच फ्रिज ऐकू येत नव्हता. म्हातारबुवा वैतागले, "लेका, तुझे कान आहेत की कुत्र्याचे?" दोंगचोल पुढे कित्येक वर्षं हे वाक्य लोकांना ऐकवायचा, जणू त्याचंच कौतुक झालं होतं. एखाद्या नव्या मुलाने आपला आवाज बरा लागला का विचारलं, की हेरान आणि दोंगचोल दोघंही न बोलता ग्युसॉपकडे बघत. त्याने मान हलवली की झालं.

चाळिशी गाठल्यावर गोदीच्या वार्षिक तपासणीत ग्युसॉपला एका बंद खोक्यात बसवलं. कानावर यंत्र, हातात बटण. आवाज आला की दाबायचं. तो वाट बघत बसला. बऱ्याच वेळाने नर्सने काचेवर टकटक केलं, "दाबा ना हो!" तो म्हणाला, "दाबतोय की." कागदावर आलं ते असं : बारीक, उंच आवाज दोन्ही कानांतून जवळपास गेलेले, आणि गेलेले परत येत नाहीत. ग्युसॉपने कागदावर सही केली, चार घड्या घालून खिशात टाकला आणि ग्राइंडर उचलला.

घरी त्याने कुणाला सांगितलं नाही. खोलीत तर नाहीच. जे ऐकू येत नाही ते आपल्याला ऐकू येत नाहीये, हे माणसाला उमगायला वेळ लागतो. त्याला वाटायचं, स्पीकर जुने झाले. त्याने ते बदलले. मग वाटलं, माइक मंद झाला. सगळं कसं गोधडीखालून आल्यासारखं येतं म्हणून तो बारीक आवाज चढवणारं ट्रेबलचं बटण जरा पुढे सरकवी. पुढच्या रेकॉर्डला आणखी जरा. असे तीन वर्षांत चार रेकॉर्ड निघाले. सोलच्या एका मासिकाने लिहिलं की नोकचा नवा आवाज पत्र्याच्या धारेसारखा कापतो, गंजलेल्या शहराचा खरा आवाज हाच. हेरानने ते कात्रण भिंतीला लावलं. ग्युसॉपने ते वाचलं, आणि आपण जे करतोय ते बरोबरच आहे अशी स्वतःची समजूत घालून टाकली.

तिसऱ्या वर्षाच्या हिवाळ्यात दोंगचोलच्या यकृतात गाठ निघाली. डॉक्टरांनी जेमतेम उन्हाळ्यापर्यंतची मुदत दिली. त्याच्याकडे सात गाणी होती, कुठेच न गायलेली.

"यावेळी थेट टेपवर घे," तो ग्युसॉपला म्हणाला. "एक माइक, एक गिटार. नंतर हे जोड, ते पूस, असलं काही नको. परत गायला मी असेन की नाही कुणास ठाऊक."

"असं अभद्र बोलू नको."

"अभद्र कसलं? वेळापत्रक आहे."

रविवारी दुपारी ते दोघंच खोलीत असत. हेरान तेव्हा पुस्तिकेच्या मागे लागली होती. दोंगचोल चटईवर भिंतीला टेकून बसे, दोन गाणी झाली की दमून जाई. गायलेलं परत ऐकायची त्याला पहिल्यापासून शिसारी होती. अठरा वर्षांत त्याने स्वतःची एकही रेकॉर्ड कधी लावून ऐकली नव्हती. "तू ऐकलंस ना? मग झालं," एवढंच म्हणायचा.

एका रविवारी ग्युसॉप टेप गुंडाळत पाठमोरा बसला होता. मागून दोंगचोलने विचारलं, "कसं आलं?" उत्तर नाही. त्याने पुन्हा विचारलं. तिसऱ्यांदा त्याने हातातलं संत्रं फेकून मारलं, ते ग्युसॉपच्या खांद्यावर आपटलं.

"बहिरा झालास की काय रे?"

ग्युसॉप वळला. दोंगचोल हसत होता. गाल पार बसले होते, डोळे पिवळे पडले होते, पण हसू शाळेतलंच. तपासणीचा तो कागद तीन वर्षांपासून घरी कपाटात पडून होता. ओठांवर आलं होतं, सांगून टाकावं. पण मग पुढचा प्रश्न आला असता, इथे बसायचं कुणी? दुसरा कुणी येऊन या खुर्चीत बसणार, आणि आपण खाली गाडीत खोकी चढवणार.

"तुझ्या गाण्याने झालो," तो म्हणाला.

दोंगचोल खोकेपर्यंत हसला. ग्युसॉपने संत्रं उचलून सोललं आणि दोघांनी अर्धं अर्धं खाल्लं.

रेकॉर्ड छापणाऱ्या कारखान्याहून नमुन्याची प्रत आली तेव्हा दोंगचोल इस्पितळात होता आणि त्याला शुद्ध कमीच असे. प्रत तपासणं हे ग्युसॉपचं काम. त्याने ती खोलीत एकट्याने ऐकली आणि कळवून टाकलं, ठीक आहे, छापा. नऊ दिवसांनी दोंगचोल गेला. इस्पितळाच्या तळघरातल्या अंत्यदर्शनाच्या दालनात तीन दिवस लोक येत राहिले. अठरा वर्षांतले सगळे बँडवाले आले, लाल तिखट रश्शाचे वाडगे पुढ्यात घेऊन बसले आणि जोरजोरात रडले. ग्युसॉप दारात उभा राहून प्रत्येकाला वाकून नमस्कार करत होता. कोण काय बोलतंय ते त्याला त्या गोंधळात कळत नव्हतं. सगळ्यांना वाटलं, दुःखाने बधिर झालाय.

मृत्यूनंतर एकोणपन्नासाव्या दिवशी करतात तो बुद्धाच्या देवळातला विधी आटोपून घरचे लोक दोंगचोलच्या घरी परतले. रेकॉर्ड आदल्याच दिवशी आल्या होत्या. हेरानने वेष्टणावर चित्र छापलं नव्हतं, नुसतं त्याच्या अक्षरातलं नाव होतं. दोंगचोलची बायको मीयंग हिने खोलीत सगळ्यांना बसवलं. त्याचे म्हातारे वडील, बहीण, बारा वर्षांची मुलगी हानबी. ग्युसॉपने सुई टेकवली आणि मागे सरून गुडघ्यांवर बसला.

त्याला ऐकू आलं ते त्याच्या मते चांगलं होतं. जरा मऊ, पण चांगलं. तो डोळे मिटणार होता, एवढ्यात त्याचं लक्ष हानबीकडे गेलं. तिने दोन्ही हात कानांवर दाबून धरले होते. मग त्याने बहिणीकडे पाहिलं, तिने मान फिरवली होती. म्हातारे वडील गोंधळून मीयंगकडे बघत होते. हेरान रेकॉर्डकडे नव्हे, ग्युसॉपकडे बघत होती. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता.

त्याला काही म्हणजे काही कळेना. गाणं तर चाललं होतं.

मीयंग उठली आणि सुई उचलली. "भावजी," ती म्हणाली, हळूच, पण त्याच्याकडे तोंड करून, म्हणून त्याला समजलं. "हा त्यांचा आवाज नाही."

"वहिनी, त्याचाच आहे. मी स्वतः..."

"अहो, नुसतं फसफसतंय. तापल्या तव्यावर पाणी मारल्यासारखं. शब्दच कळत नाहीत." "माझ्या नवऱ्याचा आवाज असा नव्हता हो."

हेरान त्याला दंडाला धरून बाहेर जिन्यात घेऊन आली. यंगदोच्या त्या उभ्या जिन्यावर दुपारचं ऊन पडलं होतं, खाली बंदर दिसत होतं.

"तुला ऐकू आलं नाही ना?" तिने विचारलं. "ग्युसॉप, कधीपासून?"

"तीन वर्षं."

"तीन!" ती पायरीवर बसली. "म्हणजे ते पत्र्याच्या धारेसारखं काय ते... मला वाटलं तू मुद्दाम करतोस. मला कधी आवडलं नाही ते. पण म्हटलं, ग्युसॉपला कळतं."

"मला सांगायचं होतं."

"मग का नाही सांगितलंस? मेला तो! आता परत गाणार आहे का?"

"सांगितलं असतं तर मी तिथे कशाला राहिलो असतो? तुम्हाला माझे कान हवे होते."

तिने काही गोड बोलून त्याची समजूत घातली असती, तर पुढचं कदाचित निराळं झालं असतं. पण हेरानला खोटं बोलता येत नसे.

"हो," ती म्हणाली. "हवेच होते."

टेप सोलच्या एका जाणत्या माणसाकडे पाठवली. दोन आठवड्यांनी त्याचा फोन आला. थेट टेपवर घेतानाच बारीक आवाज इतका चढवलाय की जळून गेलाय, फाटलेलं शिवता येतं, जळलेलं कसं शिवणार? हेरानने फोन ठेवला आणि ग्युसॉपला कागदावर लिहून दाखवलं, "नाही."

मीयंगने एवढंच सांगितलं की या विकायच्या नाहीत आणि टाकूनही द्यायच्या नाहीत. तीनशे रेकॉर्ड हेरानच्या छापखान्याच्या माळ्यावर गेल्या. मग हेरानने आधीच्या चार बँडांना पत्रं लिहिली, खरं काय ते सगळं. दोघांनी कळवलं, असू द्या. एकाने मूळ टेपा परत मागितल्या. चौथ्याने ग्युसॉपच्या नावाने अशी काही चिठ्ठी लिहिली की हेरानने ती त्याला दाखवली नाही, पण बाकी तिघांची पत्रं दाखवून हीच दाखवली नाही, यावरूनच मजकूर काय असेल ते त्याला कळलं. कंपनी बंद झाल्याचं त्यांनी कुठे जाहीर केलं नाही. खोली सोडली, भिंतीवरच्या गाद्या काढल्या. गाद्यांमागे अठरा वर्षांचा काळा बुरा होता.

त्या दिवशी घरी आल्यावर ग्युसॉपने आईसमोर बसून, ओठ नीट हलवत, सगळं सांगितलं. ती सोयाबीनचे मोड निवडत होती. हात न थांबवता ती नेहमीसारखी ओरडून म्हणाली, "मला ठाऊक होतं!"

"कधीपासून?"

"तू माझ्या तोंडाकडे बघून बोलायला लागलास तेव्हापासून! आधी कधी बघायचास का?" मग मोडांचं टोपलं बाजूला सारून, तिच्या मते हळू आवाजात, शेजाऱ्यांना ऐकू जाईल एवढ्याने म्हणाली, "मला वाटलं, तुझ्या मित्रांना तू सांगितलं असशील. मित्रांना सांगतात ना माणसं."

गोदीने त्याला रंगाच्या विभागात टाकलं. कानात यंत्रं आली. त्यांच्यातून माणसांचं बोलणं समजे, पण गाणं म्हणजे डब्यात खिळे हलवल्यासारखं वाटे, म्हणून तो गाणं लागलेल्या दुकानात शिरतच नसे. आई बोलायला लागली की यंत्रं काढून ठेवावी लागत.

दोंगचोलच्या पुण्यतिथीला हेरान आणि तो अस्थी ठेवलेल्या जागी भेटत. काचेच्या त्या छोट्या कप्प्यात कलशाशेजारी मीयंगने त्याचा गाडीवरचा फोटो ठेवला होता. दोघं थोडा वेळ उभे राहत, मग खाली उतरून डुकराच्या हाडांच्या रश्श्यातला भात खात. हेरान त्याच्याशी तोंडाकडे तोंड करून बोले, गरजेपेक्षा जरा जास्त सावकाश. थट्टा दोघांपैकी कुणीच करत नसे.

तिसऱ्या वर्षी ती म्हणाली की टेप मशीन तिने विद्यापीठाजवळच्या काही पोरांना देऊन टाकलं, त्यांना काहीतरी नवं सुरू करायचंय. "तुला विचारायला हवं होतं."

"बरं केलंस," तो म्हणाला. "त्यांना सांग, उजव्या बाजूचा पट्टा सैल आहे."

"सांगितलं."

ती छत्री काखेत मारून बसथांब्याकडे निघाली. जाता जाता, मान न वळवता, ती काहीतरी बोलली. समोरून ट्रक चालले होते. पूर्वी ग्युसॉपने नुसती मान हलवली असती. आता तो दोन पावलं पुढे गेला आणि त्याने मोठ्याने विचारलं, "काय म्हणालीस?"

हेरान थांबली, वळली, आणि क्षणभर त्याच्याकडे बघत राहिली.

"काही नाही," ती म्हणाली. "बस आली."