एका लुगड्यातलं नाटक

आमचे मामा कुठल्या घरातून पाठ दाखवून बाहेर पडले, असं शपथेवर सांगणारा माणूस अख्ख्या मुरुम गावात सापडला नसता. मामा म्हणजे माझ्या सख्ख्या आत्याचे यजमान. तरुणपणी ते सोलापुरात मुक्कामाला आलेल्या एका संगीत नाटक कंपनीबरोबर निघून गेले आणि पुढं कितीतरी वर्षं गावोगाव नायिका होऊन गायले. प्रेक्षकांकडं पाठ करायची नाही हा तिथला नेम त्यांच्या अंगात इतका मुरला होता की, निरोप घेतानासुद्धा ते हात जोडून, हसऱ्या चेहऱ्यानं, उलट्या पावली उंबऱ्याबाहेर जात. एकदा आमच्याकडून असेच निघाले ते थेट म्हशीच्या आंबोणाच्या घमेल्यात बसले. बसल्यावरही तोंड आमच्याकडंच होतं आणि हसू जागच्या जागी होतं.

येण्याचीही तऱ्हाच होती. आधी अंगणात उभं राहायचं, आतलं बोलणं थांबेपर्यंत वाट बघायची, मग एक खाकरा आणि प्रवेश. बाजारात वांग्यांचा भाव करताना त्यांचा सूर असा चढत जायचा की, भाजीवाली ऐकत राहायची आणि मापाच्या वर चार वांगी टाकायची. गळ्याला तर ते तान्ह्या पोरासारखं जपत. वैशाखात गाव घामानं निथळत असताना हे गळ्यात मफलर गुंडाळून फिरत. आंबट, थंड, तळकट सगळं वर्ज्य. लग्नाच्या पंगतीत वाढलेली भजी ते शेजारच्याच्या पानात सरकवत, आणि तेही इतक्या दुःखानं की त्या बिचाऱ्याच्या घशाखाली ती उतरत नसत.

बोलपट आले, कंपनी मोडली आणि मामा एक ट्रंक घेऊन घरी परतले. तोवर म्हशी, शेत, सासू-सासऱ्यांची दुखणी सगळं आत्यानं एकटीनं ओढलं होतं. नवऱ्यावर तिचा जीव होता, पण नाटकाचं नाव काढलं की कपाळाला आठी. त्यांचा एकही खेळ तिनं बघितला नव्हता. आत्या हाडापेरानं थोराड, रंगानं काळी. सोलापूरहून येणारा जो तो तिला ऐकवायचा, तुझा नवरा नायिका म्हणून काय देखणा दिसतो, बायका त्याच्यासारखा पदर घ्यायला बघतात. मी लग्न होऊन मुरुमलाच पडले, त्यामुळं आमचं रोजचं जाणं-येणं. एकदा ताक घुसळताना मी विचारलंच, तेव्हा ती म्हणाली, “सवत बघाया कोण जातं गं? ती माझ्यापरीस उजवी हाय म्हणं. म्या जाऊन काय करू?”

मग एका उन्हाळ्यात मामांचा आवाज फाटायला लागला. उमरग्याच्या हकीमसाहेबांनी सांगितलं, गळा आता बोलण्यापुरताच राखा. मामांनी ते ऐकलं आणि अख्खं नाटक एकट्यानं, सगळी पात्रं स्वतःच करून, गाऊन दाखवायचं ठरवलं. घरात सगळ्यांना वाटलं, उन्हानं डोकं फिरलं. मला मात्र त्यांनी एकटीला गाठून खरं कारण सांगितलं. “सगळ्या मुलखानं बघितलं, तुझ्या आत्यानंच न्हाय. ती आली तर खेळ, न्हाय तर नुसती दमछाक.”

कंपनीचे कपडे केव्हाच विकले गेले होते. मामांनी आत्याकडं तिचं एकुलतं एक रेशमी लुगडं मागितलं. दोन दिवस घरात भांडी आदळली. तिसऱ्या दिवशी तिनं लुगडं काढून दिलं आणि सांगितलं, “लुगडं माझं हाय. त्येच्यामागं मी येते, तुमच्यामागं न्हाय.” मामांना तेवढंही पुष्कळ होतं.

निजामाचं राज्य. चार माणसं जमवायची तर पोलीस ठाण्याच्या अमीनसाहेबांची परवानगी हवी. खेळात किती लोक, असं त्यांनी विचारलं आणि मामांनी सरळपणानं अकरा सांगितले, कारण त्यांच्या हिशेबी ते अकराच होते. खेळ ठेवला होता दुपारी, एका अडत्याच्या रिकाम्या वखारीत. अमीनसाहेब जातीनं आले. बघतात तर पेटीवर आमच्या गल्लीतले शिंपीचाचा आणि समोर एकटे मामा. “बाकी के लोगां किधर हैं?” त्यांनी दरडावलं. मामा अदबीनं म्हणाले, “आएंगे साहब, एक के पीछे एक.”

आणि खरंच आले. लुगडं खांद्यावर टाकलं की राजा, कमरेला आवळलं की सेनापती, डोक्याला गुंडाळलं की विदूषक. अमीनसाहेब बोटं मोजत हसत होते. बायकांच्या बाजूला माझ्याशेजारी बसलेली आत्या तेवढी काठ मळतोय म्हणून चरफडत होती.

मग नायिका आली. नवरा परमुलखात गेलाय आणि ती दारात वाट बघतेय, एवढाच प्रवेश. मामांनी डोक्यावरून पदर घेतला, नसलेल्या चौकटीला डावा हात लावला, एका पावलावर दुसरं पाऊल ठेवलं आणि पदराचं टोक दाताखाली धरून, रस्त्याकडं न बघता खाली जमिनीकडं बघत राहिले.

बायकांत कुजबुज झाली आणि एकेक मान आत्याकडं वळली. कारण ती आमची आत्या होती, हुबेहूब. दौऱ्यावरून मामा मधूनमधून घरी यायचे तेव्हा बैलगाडीतून उतरताना ती त्यांना दारात अशीच दिसायची. तेच उभं राहणं घेऊन ते गावोगाव हिंडले होते.

आत्याच्या दाताखालीही पदर होता. तो तिनं हळूच सोडला. “मी अशी उभी ऱ्हाते?” तिनं मला विचारलं. मी म्हटलं, अश्शीच. जरा वेळानं ती म्हणाली, “आन लोकं ह्येला देखणं म्हणायची?”

 

तेवढ्यात वरच्या सुरावर मामांचा आवाज फुटला. त्यांनी पुन्हा धरून बघितला, पुन्हा फुटला. शिंपीचाचांनी पेटीवरचा हात काढला.  तेव्हा भर बायकांत आत्या उठून उभी राहिली. चारचौघांत नवऱ्याशी बोलायची ती तिची पहिलीच वेळ. “ऱ्हाऊ द्या आता,” ती म्हणाली. “कळलं मला.”

मामा होते तिथंच खाली बसले.

त्यानंतर ते कधी गायले नाहीत. आता दोघंही नाहीत. आत्याचा फोटो कुणी काढलेला नाही, आणि इतक्या वर्षांत तिचा चेहरा माझ्या डोळ्यांपुढून पुसट होत गेलाय. तिची फार आठवण झाली की मी डोळे मिटते. मग दारात ती उभी दिसते, डोक्यावर पदर, खाली नजर. आणि नीट बघितलं की कळतं, ते मामा आहेत.