व्हरांड्यात भरलेली शाळा

मी सातवीत गेले त्या सुमारास आमचं गाव मुंबईत गेलं. गाव होतं तिथेच राहिलं, बोरीवली स्टेशनच्या पूर्वेला, डोंगराच्या पायथ्याशी. फक्त एके सकाळी एक माणूस शिडी घेऊन आला आणि शाळेच्या दारावरचं जुन्या स्कूल बोर्डाचं नाव चुन्यानं पुसून गेला. नवं नाव लिहायला कुणी आलंच नाही.

याचं आम्हाला हसू यायचं. मग सातवीच्या फायनल परीक्षेचे फॉर्म आले आणि हसू पळालं. तेव्हा ती पास झालं की शाळेत मास्तरकी मिळायची. फॉर्मवर शाळेच्या वरच्या साहेबांची सही लागायची. जुन्या बोर्डानं कळवलं, तुमची शाळा आता आमची नाही. मुंबई महापालिकेच्या अंधेरीतल्या नव्या ऑफिसनं कळवलं, तुमच्या शाळेचे कागद आमच्याकडे आलेले नाहीत, सबब ती अजून आमची नाही. गुरुजी दिवाळीपासून दोघांना पत्रं लिहीत होते. माणूस सज्जन, पण साहेबाचं नुसतं नाव निघालं तरी टोपी सारखी करणारा. शेवटी तेही म्हणाले, "सरकारी काम आणि सहा महिने थांब. पुढच्या वर्षी बसा परीक्षेला."

पुढचं वर्ष आम्हाला देणार कोण होतं? सातवीत आम्ही सहा मुली. माझे बाबा गिरणीत होते, त्यांनी मला स्पष्ट सांगितलं होतं, "फायनल पास झालीस तर मास्तरीण हो, मी आडवा येणार नाही. नाहीतर वैशाखात लग्न." आत्यानं मालवणकडचं स्थळ हेरूनच ठेवलं होतं. "चेडवाक शिकवन काय करतलस?" मुलीला शिकवून काय करणार, हा तिचा बाबांना रोजचा प्रश्न. माझ्या बाकावर बसणाऱ्या मैत्रिणीच्या वडिलांनी तर वैशाखाचीही वाट पाहिली नाही. सही येत नाही म्हणजे शाळा संपली, असं म्हणून त्यांनी माघातच तिला बोहल्यावर चढवलं. गणितात ती माझ्या कितीतरी पुढे होती. दुसऱ्या दिवशी बाकावरची तिची जागा बघून माझं डोकं फिरलं.

फॉर्म द्यायला आठ दिवस उरले होते. मी गुरुजींना म्हटलं, "आम्ही पाचजणी उद्या अंधेरीला चाललोय. तुम्ही आला नाहीत तरी जाणार." गुरुजी आले, बहुधा मुली हरवतील या धास्तीनं. बगलेत हजेरीपट आणि शेरेबुक. शाळा तपासायला आलेला साहेब आपलं मत लिहून खाली सही करतो, ती वही म्हणजे शेरेबुक. गुरुजी तिला पोथीसारखं जपत.

ऑफिसातल्या कारकुनानं मान वर न करताच सांगितलं, "कागद आले की कळवू." मी बाहेर आले, व्हरांड्यात मांडी घातली आणि म्हटलं, "गुरुजी, अकरा वाजले. शाळा भरायची वेळ झाली."

गुरुजींचा चेहरा उतरला. पण अकराला हजेरी घ्यायची ही त्यांची कित्येक वर्षांची सवय. त्यांनी पट उघडला. हजेरी झाल्यावर मी पावकी सुरू केली, मग निमकी, मग दीडकी. पाच मुली घसा ताणून अपूर्णांकांचे पाढे म्हणायला लागल्या की आतल्या टाइपरायटरची काय कथा. अडीचकी चालू असताना साहेब स्वतः बाहेर आले.

"काय चाललंय हे? कुणी बसवलं यांना इथे?"

पुढचं कुणीच ठरवलेलं नव्हतं. साहेब समोर आला की शेरेबुक पुढे करायचं, एवढंच गुरुजींना ठाऊक. त्यांनी टोपी सारखी करून तेच केलं. आणि शेरेबुक समोर आलं की त्यात मास्तराची खरडपट्टी काढायची, एवढंच साहेबांना ठाऊक. त्यांनी पेन काढलं आणि उभ्याउभ्या लिहिलं, 'शाळेस भेट दिली. पाच मुली हजर. शिस्त अजिबात नाही. मुख्याध्यापकांनी लक्ष द्यावे.' खाली झोकदार सही, तारीख, हुद्दा. शिपायाकडून शिक्काही मारून घेतला.

मी ते वाचलं. "साहेब, शाळा तुमची नाही ना? मग शेरा कुठल्या शाळेला दिलात?"

कारकून खाली बघून हसला. साहेबांनी आपलंच अक्षर पुन्हा वाचलं. आता ते खोडायचं तरी पुन्हा सही आलीच. "भारी तोंडाळ मुलगी आहे," ते गुरुजींना म्हणाले आणि हात पुढे केला. "आणा ते फॉर्म."

मी सहा दिले. "सहावी मुलगी कुठे आहे?" त्यांनी विचारलं.

"गैरहजर," मी म्हटलं. खोटं नव्हतं ते. सहाही फॉर्मवर सह्या झाल्या.

मी पास झाले, मास्तरीण झाले, आत्याचं स्थळ दुसऱ्या कुणाला गेलं. पण त्याआधी, सही झाली त्याच रविवारी, मी मैत्रिणीचा फॉर्म घेऊन कांदिवलीला तिच्या सासरी गेले. तिनं पदराला हात पुसले, फॉर्म अथपासून इतिपर्यंत वाचला आणि विचारलं, "आता यावर आणखी कुणाची सही लागेल गं?"

"सासऱ्यांना बाहेर बोलाव," मी म्हटलं. भांडायची पुरी तयारी होती माझी.

सासरे आले. त्यांनी चष्मा लावून फॉर्म वाचला, मला चहा दिला आणि शांतपणे म्हणाले, "पंधरा दिवस आधी आणला असतास, तर हिच्या बापानं हिला आमच्याकडे दिलीच नसती, पोरी."

भांडायला जागाच उरली नाही. ती परीक्षेला बसली नाही. पुढे नोकरीत कुठल्याही साहेबानं "कागद येऊ द्या, मग बघू" म्हटलं की मी खुर्ची ओढून त्याच्यासमोर बसायची. म्हणायची, "बघा सावकाश. पण तोवर माझ्या वर्गातली कोणती मुलगी जाईल, तिचं नाव तेवढं आत्ता लिहून द्या."